लिफ्ट उचलत नाही, पण पंप गेलाच का?

प्रश्न : काका, माझ्याकडे ४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे. यंदा भाताच्या चिखलणीला नऊ-दहा दिवस सलग चालवला. शेवटी शेवटी रोटाव्हेटर हिसके देत वर यायचा आणि सीटखालून शिट्टीसारखा आवाज यायचा. आता लिव्हर ओढला तरी लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) जागची हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, हायड्रोलिक पंप गेला, नवा टाकू. टाकू का?
— एक शेतकरी, इगतपुरी तालुका

उत्तर : भाऊ, घाई करू नका. ती शिट्टी पंपाच्या भुकेची असते. पंपाला पोटभर ऑइल मिळालं नाही, की तो असा ओरडतो. भूक कशामुळे लागली ते न बघता नवा पंप बसवला, तर महिन्याभरात तोही तसाच ओरडेल. उमेदवारीच्या दिवसांत मी स्वतः एकाला असा नवा पंप बसवून दिलाय. दोष निघाला सक्शन पाईपच्या (पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या पाईपच्या) एका ओ-रिंगमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीत. त्या शेतकऱ्याच्या दारावरून जाताना मी बरीच वर्षं मान खाली घालत असे.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा. ऑइल कमी असेल तर तिथेच उत्तर मिळालं. पुरेसं असेल, तर रंग बघा. तुमचं चिखलणीचं काम ऐकून मला वाटतं, ते दुधाच्या चहासारखं दिसेल. आता हा पांढरेपणा हवेचाही असू शकतो आणि पाण्याचाही. काचेच्या बाटलीत थोडं ऑइल काढून रात्रभर ठेवा. हवा असेल तर फेस बसून सकाळी ऑइल स्वच्छ दिसेल. पाणी असेल तर गढूळच राहील किंवा तळाला पाणी साचेल. तरी शंका असेल तर अंगणात जुना तवा तापवा आणि लांब उभं राहून एकच थेंब टाका. तडतडलं की पाणी. (घरातला पोळीचा तवा नेऊ नका, नाहीतर लिफ्टच्या आधी घरातलं भांडण उचलावं लागेल.)

पाणी निघालं, तर नुसती टॉप-अप करून भागत नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं ऑइल एकच असतं. सगळं काढून नवं भरा. पहिल्या खेपेला आत चिकटलेलं पाणी नव्या ऑइललाही पांढरं करतं, त्यामुळे दुसऱ्यांदा बदलायची वेळ येऊ शकते. पाणी शिरलं कुठून, तेही शोधा. लोक चिखलालाच दोष देतात, पण गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं असेल आणि ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा असेल, तर तिथूनच पाणी आत जातं. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं तोंड) आणि मागच्या अॅक्सलचे सीलही बघून घ्या.

ऑइल काढलंच आहे, तर सक्शनची जाळीही काढा. लोखंडाची भुकटी आणि ब्रेकच्या लायनिंगचा कीस तिच्यावर साचतो. डिझेलमध्ये धुवा आणि कागदी फिल्टर असेल तर नवाच टाका.

पाणी नाही, फक्त फेस आहे, असं झालं तर सक्शन पाईप बघायचा. इथं फसगत होते. दाबाच्या बाजूचा सांधा फुटला तर ऑइल बाहेर येतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढीच्या बाजूचा सांधा ढिला असेल तर थेंबही पडत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. ट्रॅक्टर चालू ठेवून त्या सांध्यांना ग्रीस थापा. आवाज बदलला की चोर सापडला. हात, कपडे फिरत्या भागांपासून लांब ठेवा.

एवढं करूनही लिफ्ट उठली नाही, तर शेजाऱ्याची टिपिंग ट्रॉली मागा आणि तिचा पाईप जोडून बघा; तीही ट्रॅक्टरच्या याच पंपावर उचलते. ट्रॉली उचलली, तर पंप चांगला आहे. मग दोष लिफ्टच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलिंडरच्या सीलमध्ये असेल. ट्रॉलीही नाही उचलली, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) कचऱ्यानं अडकून उघडा राहिला असेल, नाहीतर पंप झिजला असेल. पंप खोलायला लावा आणि बॉडीत बघा. सक्शनच्या बाजूला गिअरनं खोल चर पाडले असतील, तर मेकॅनिकचं बरोबर. नवा घेताना जुना सोबत न्या. फिरण्याची दिशा उलटी निघाली तर पंप सुरू होताच सील उडतं.

प्रश्न : आमची ट्रॉली सकाळी उचलते, दुपारी भरलेली उचलत नाही.
— एक वाचक, माळशिरस

उत्तर : गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपात आतल्या आतच मागे गळतं. ऑइलचा ग्रेड कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे आहे का ते आधी बघा, मग पंपाचा दाब गेजनं मोजून घ्या. अर्धवट उचललेल्या ट्रॉलीखाली मात्र जाड लाकडी ठोकळा लावल्याशिवाय कुणालाही जाऊ देऊ नका, आणि पाईपवरचं बारीक भोक बोटानं चाचपू नका. दाबातलं ऑइल कातडीतून आत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डाग पडेल तिथं भोक.