डॉक्टरांच्या नजरेतून इव्हान इलिच

प्रश्न : मी डॉक्टर आहे. लिओ टॉलस्टॉय यांची १८८६ सालची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही लघुकादंबरी पुन्हा वाचताना माझे लक्ष सतत निदानाकडे जाते. असे वाचन एकांगी ठरते का?

उत्तर : निदानातून फारसे हाती लागणार नाही, कारण लेखकाने आजाराचे नाव निश्चित केलेलेच नाही. आजार गंभीर आहे का, हा रुग्णाचा साधा प्रश्न मात्र कादंबरीतले डॉक्टर अप्रस्तुत मानतात, आणि न्यायाधीश असलेल्या इव्हानला जाणवते की आपणही न्यायालयात आरोपींशी नेमके असेच वागत आलो. या प्रसंगातील बोच तुमच्याइतकी (आणि कदाचित वकिलांइतकी) क्वचितच कोणाला कळेल. पुढच्या वाचनात गेरासिम या नोकराकडे अवश्य पाहावे. रुग्णाचे पाय रात्र-रात्र खांद्यावर धरणारा आणि त्याच्याशी खोटे न बोलणारा हा माणूस, माझ्या मते, कादंबरीतील सर्वांत जाणता शुश्रूषक आहे.