पिनांना ग्रीस रोज कशाला?

प्रश्न : माझा सेकंडहँड पोकलेन विहिरी आणि शेततळ्यांवर चालतो. ऑपरेटर रविवारी ग्रीस मारतो. बकेट खडखडते. पिन बदलू का? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : दादा, आठवड्याने ग्रीस म्हणजे आठवड्याने जेवण! बकेटच्या पिनांना, म्हणजे बकेट ज्या जाड लोखंडी दांड्यांवर फिरते त्यांना, रोज, दहा तासांच्या कामामागे एकदा ग्रीस हवंच. चिखलात, पाण्यात काम असेल तर दुपारीही. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, निपल (ग्रीस आत भरायचं छोटं तोंड) फडक्याने पुसा. नाहीतर निपलवरची माती ग्रीसगनच आत ढकलते. कडेने काळं, कचकचीत जुनं ग्रीस निघून ताजं दिसेपर्यंत मारा. गन घट्ट लागली, ग्रीस आत जाईना, तर निपल चोंदलंय, ते बदला. त्याची किंमत ती काय!

मी स्वतः असं एक चोंदलेलं निपल 'उद्या बघू' म्हणत महिनाभर सोडलं होतं. पिन बुशमध्येच, म्हणजे ती ज्या नळीत बसते तिच्यातच, जाम झाली. गॅसकटरने कापून काढताना अख्खा दिवस गेला.

आता तुमची खडखड. बकेट किंचित उचलून पहारीने हलवून बघा. हात सिलिंडरखाली नको. पिन हलत असेल तर नुसती पिन बदलू नका, बुशही बदला. झिजलेल्या बुशमध्ये नवी पिन लवकरच खाल्ली जाते.