स्पेन-मेक्सिकोच्या काळातल्या जमिनींच्या सनदा अमेरिकेने मान्य केल्या का?

अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहानंतर, आधी स्पेनचं आणि मग मेक्सिकोचं असलेलं न्यू मेक्सिको अमेरिकेकडे गेलं, तेव्हा तिथल्या लोकांच्या जुन्या जमिनी त्यांच्याकडेच राहिल्या का, असं तुम्ही विचारलंय. घरं आणि पाटाखालची शेतं बहुतेकांची राहिली. गेलं ते गायरान, आणि खरं दुखणं तेच आहे.

स्पॅनिश अमलात गावाला सनद मिळायची तेव्हा अधिकारी लोकांना घेऊन जागेवर जायचा. लोक गवत उपटायचे, दगड भिरकावायचे, राजाचा जयजयकार करायचे; झाला ताबा! हद्द म्हणजे अमुक नदी, तमुक डोंगर, फार तर वाट. पाटाजवळच्या पट्ट्या घरटी वाटलेल्या, बाकी डोंगर-रान चराईला आणि सरपणाला सगळ्यांचं. आपल्याकडच्या पांढरी-काळी-गायरानासारखीच रचना.

तहात मालमत्तेचं रक्षण करू असं लिहिलं होतं, पण सनदांबद्दलचं स्पष्ट कलम, दहावं, अमेरिकी सिनेटने आधीच उडवलं. १८५४ पासून दावे तपासायला सर्व्हेअर जनरल बसवला. तो शिफारस करणार आणि मंजुरी संसद देणार, त्यामुळे फायली वर्षानुवर्षं पडून. शेवटी १८९१ मध्ये खास न्यायालय नेमलं, पाच न्यायाधीशांचं. ते १९०४ पर्यंत चाललं.

या न्यायालयाचं नाव निघालं की लोक रीव्हिसची गोष्ट सांगतात. या गड्याने बनावट सनदेवर ॲरिझोनाचा भलामोठा तुकडा मागितला आणि १८९६ मध्ये तुरुंगात गेला. किस्सा झकास आहे, पण त्याने समजूत अशी होते की न्यायालयाचं मुख्य काम खोटे कागद पकडणं होतं. खऱ्या सनदांचं काय झालं ते न्यू मेक्सिकोतल्या सॅन मिगेल देल वादो या गावाच्या खटल्यात दिसतं. सनद १७९४ ची, अस्सल. गावाचा दावा सुमारे ३,१५,००० एकरांचा. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामायिक रान राजाचंच होतं, म्हणून आता ते अमेरिकी सरकारचं. गावाच्या हाती जेमतेम ५,००० एकर उरले.

शिवाय वकील. रोकड नसलेले लोक फी जमिनीतच द्यायचे. त्यात न्यू मेक्सिकोतल्या १८७६ च्या कायद्याने एकट्या हिस्सेदारालाही वाटणी मागायची मुभा दिली, आणि वाटणी जमत नसेल तर सगळी जमीन लिलावात. घरातल्या एकाचा हिस्सा विकत घेऊन सगळ्यांना कोर्टात खेचायचं, हा प्रकार आपल्याकडेही कुणाला नवा वाटू नये.

मुंबई इलाख्यात १८५२ च्या इनाम कमिशननेही पेशवाईतल्या इनामांचे पुरावे धारकांकडेच मागितले होते. पण तिथे झगडा मुख्यतः साऱ्याच्या माफीचा होता, रानाचा नव्हे. म्हणून ही तुलना फार ताणू नका.

काही जुन्या सनदी गावांच्या समित्या आजही उरलेली सामायिक जमीन सांभाळतात. २००४ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने त्यांना स्थानिक शासनसंस्थेचा दर्जा दिला. गेलेलं रान मात्र परत मिळालेलं नाही. त्यातलं बरंचसं आज सरकारी वनखात्याकडे आहे.