मंत्री मलाक्काला गेला तेव्हा

प्रश्न : एका स्मरणिकेसाठी जेम्स लेग यांच्यावर छोटा मजकूर लिहिते आहे. पहिलंच वाक्य असं : 'स्कॉटिश मिशनरी आणि मँडरिन भाषेचे प्रकांडपंडित'. इथे 'मँडरिन' लिहावं की 'मंदारिन'? आणि शब्द मूळ चिनीच ना?

उत्तर : ड की द ते बघू नंतर. आधी ते 'मँडरिन भाषेचे प्रकांडपंडित' खोडा. चिनी म्हटलं की मँडरिन, हे समीकरण हल्ली इतकं बोकाळलंय की उद्या कोपऱ्यावरच्या चायनीज भेळेच्या गाडीवर 'मँडरिन भेळ' अशी पाटी दिसली तरी मला नवल वाटणार नाही.

लेग (उच्चार लेगच, 'लेगे' नव्हे, 'लेग्गी' तर नव्हेच) यांनी जन्म घालवला तो अभिजात चिनीत, म्हणजे वन्-यानमध्ये. कन्फ्यूशियसची वचनं, त्याच्याच परंपरेतला तत्त्वज्ञ मेन्शियस, इतिहासाचा ग्रंथ, काव्यांचा ग्रंथ, हे सगळं त्या भाषेतलं. घरात, बाजारात ती कुणी बोलत नसे. लेग राहायचे त्या हाँगकाँगच्या रस्त्यावर कानावर पडायची ती कँटनी, दक्षिण चीनची बोली, आणि लेग प्रवचन करायचे तेही कँटनीत. मँडरिन ही उत्तरेकडची, दरबारी वळणाची बोली. लेगना मँडरिनचे पंडित म्हणणं म्हणजे पाणिनीच्या भाष्यकाराला 'हिंदीचे गाढे अभ्यासक' म्हणण्यासारखं आहे. घराणं एक असेल, पण म्हणून काहीही म्हणायचं?

आता शब्दाकडे. 'मँडरिन'मध्ये चिनी काडीचंही नाही! चिनी लोक अधिकाऱ्याला 'क्वान' म्हणायचे आणि त्यांच्या बोलीला 'क्वान-ह्वा'. आज तीच 'फूथोंग-ह्वा' झाली आहे, म्हणजे सर्वसामान्यांची बोली. मँडरिन हा शब्द आपला. संस्कृत 'मंत्रिन्', आपला मंत्री. तो जुन्या काळी समुद्रापलीकडे मलय मुलखात गेला आणि तिथे 'मन्तरी' झाला. अजून आहे. मलेशियाच्या पंतप्रधानांचं अधिकृत पद 'पर्दाना मन्तरी'. जरा मोठ्यानं म्हणून बघा, ऐकू येतंय ना? प्रधान मंत्री! (आपल्या 'पंतप्रधाना'त पंत कसे शिरले हा वेगळा विषय, आज मोह आवरतो.)

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं गोवा घेतलं, १५११ मध्ये मलय मुलखातलं मलाक्का. मलाक्क्याच्या बंदरात पोर्तुगीजांच्या कानावर 'मन्तरी' पडला, त्यांनी त्याचा 'मांदारीं' केला आणि पुढे चीनच्या किनाऱ्याला लागल्यावर तिथल्या अंमलदारांना तो चिकटवून टाकला. शिवाजी महाराजांच्या दरबारी वाकनिसाचा 'मंत्री' झाला तो १६७४ च्या राज्याभिषेकावेळी. तोवर पोर्तुगीजांच्या तोंडी मंत्र्याचा मांदारीं होऊन दीडशे वर्षं होत आली होती.

इथे दोन मंडळी हमखास आडवी येतात.

पहिली म्हणतात, पोर्तुगीजमध्ये 'मांदार' म्हणजे हुकूम करणे, म्हणून हुकूम करणारा तो मांदारीं. इंग्रजी व्युत्पत्तिकार वेजवुड यांनी हेच छापलं होतं. त्यांचा समाचार हेन्री यूल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात घेतलाय, १८८६ साली. यूलही स्कॉटिश, एडिंबरोजवळचे. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे : 'मांदार'पासून शब्द करायचाच तर पोर्तुगीजांनी 'मांदादोर'सारखं काही केलं असतं, हे 'मांदारीं' शेपूट कुठून आलं? तरीही आमच्या वाचनालयातला एक जाडजूड कोश अजून 'मांदार'च धरून बसलाय. मी समासात पेन्सिलनं दुरुस्ती केली, ग्रंथपालांनी ती खोडरबरानं पुसली. एवढं मात्र मान्य करतो की 'मन्त'चं 'मांद' होताना 'मांदार'चा वास शब्दाला लागला असणार. वास लागला म्हणून बाप बदलत नाही.

दुसरी मंडळी जास्त आत्मविश्वासाची. त्यांच्या मते हा शब्द म्हणजे 'मान-ता-रन', मांचू साहेब. अहो, या मांचूंनी, म्हणजे चीनवर राज्य केलेल्या ईशान्येकडच्या लोकांनी, पेकिंग (आजचं बीजिंग) घेतलं १६४४ मध्ये! पोर्तुगीज हा शब्द त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून लिहीत होते. नातवाच्या नावावरून आजोबांचं बारसं करताय.

मलाही एकेकाळी वाटायचं की 'मँडरिन'मधला शेवटचा न म्हणजे 'मंत्रिन्'मधलाच न्, हजार मैलांचा प्रवास करून सुखरूप पोचलेला. फार लाडका होता तो न्. पण मलय 'मन्तरी'त न नाही, म्हणजे तो वाटेतच गळला. शेवटचा नाकातला स्वर पोर्तुगीजांनी स्वतःच्या पदरचा घातला. सोडला नाद.

द मात्र सोडणार नाही. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले शब्द बघा : पाद्री, बादली ('बाल्द'ची उलटापालट), परात, तुरुंग, इस्त्री. सगळीकडे दंत्य द आणि त. ट-ड ही इंग्रजांची जीभ. मांदारीं शब्द इंग्रजांच्या तोंडून ऐकला म्हणून आपण ड लिहितो. थेट गोव्याहून उचलला असता तर आज बिनतक्रार 'मंदारिन' लिहीत असतो. बटाट्याचं काय, असं कुणीतरी विचारेलच. बटाटा अपवाद आहे. काडतूसही. पुढे चला.

अरे हो, लेग. ते १८१५ मध्ये अ‍ॅबर्डीनशायरमधल्या हंटलीला जन्मले आणि जानेवारी १८४० मध्ये कुठे उतरले? मलाक्क्याला! जिथे मंत्र्याचा मांदारीं झाला त्याच गावी. तिथलं अँग्लो-चायनीज कॉलेज त्यांनी सांभाळलं आणि १८४३ मध्ये ते हाँगकाँगला हलवलं. पुढे १८६१ ते १८७२ त्यांचे चिनी अभिजात ग्रंथांचे खंड निघाले. त्यातलं एखादं पान उघडून बघाच. वर चिनी मजकूर, मधे इंग्रजी भाषांतर आणि खाली बारीक टाइपात टिपा. कधी कधी वरच्या दोन ओळींसाठी खाली अख्खं पान टिपांनी भरलेलं. मला ते पान बघूनच भूक लागते. या कामात वांग थाओ या विद्वानाचा मोठा हात होता. चिनी बादशाहीविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांशी संधान असल्याच्या संशयावरून तो १८६२ मध्ये शांघायहून पळून हाँगकाँगला आला, नंतर लेगबरोबर स्कॉटलंडातल्या डॉलर गावी राहिला. स्मरणिकेत त्याला एक ओळ द्या, नाहीतर सगळं 'प्रकांड' एकट्या लेगच्या खात्यावर जमा होतं.

आणि शब्दावरून भांडावं कसं तेही लेगकडून शिकावं. बायबलातल्या देवाला चिनीत काय म्हणायचं? कॅथलिकांचा 'थ्यन-चू' (स्वर्गाचा स्वामी) ठरलेला होता, प्रॉटेस्टंटांमध्ये जुंपली : 'शांग-ती' (सर्वोच्च अधिपती) की 'शन' (दैवत, आत्मा)? लेग म्हणाले, शांग-ती. प्राचीन चिनी ज्याला शांग-ती म्हणत तो आपलाच देव, परका नव्हे. १८७३ मध्ये पेकिंगच्या स्वर्गमंदिराची वेदी बघायला गेले, तेव्हा या मिशनऱ्यानं पायातले बूट काढले. ऑक्सफर्डला चिनीचे पहिले प्राध्यापक झाल्यावर संस्कृतज्ञ मॅक्सम्युलर यांच्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या ५० खंडांच्या मालेत त्यांनी ६ खंड दिले. पहिल्याच खंडात शांग-तीचं भाषांतर सरळ 'देव' केलेलं, म्हणून चीनमधल्या मिशनरी बांधवांनी १८८० मध्ये मॅक्सम्युलरकडे लेखी तक्रार केली. लेग हटले नाहीत. मराठी बायबलात 'देव' आणि 'परमेश्वर' दोन्ही नांदतात, पण ते इतक्या सहज ठरलं असेल असं मला नाही वाटत.

तर तुमचं वाक्य : 'मँडरिन भाषेचे' काढा, 'अभिजात चिनीचे' घाला, म्हणजे ड आणि द दोन्ही कटकटी मिटल्या. 'मँडरिन' हवंच असेल तर ते फळासाठी ठेवा. सैल सालीच्या त्या फळाला इंग्रज हेच नाव देतात, आणि आपलं नागपुरी संत्रं त्याच जातीचं. आपला मंत्री मलाक्का, लिस्बन, लंडन करून अखेर नागपुरात संत्रं होऊन उतरला आहे.