फ्रेडीने कागद केला होता रे

तुझी पोस्ट वाचली. जोडीदाराबरोबर ११ वर्षं एका छताखाली, फ्लॅट त्याच्या नावावर, आणि मृत्युपत्राचा विषय काढला की तो म्हणतो "फ्रेडी मर्क्युरीने तरी कुठे लग्न केलं होतं, आपलं आपल्याला माहितीये ना, बस". याच चालीचं मी स्वतः बोललोय, म्हणून लिहायला बसलो. नॉमिनी, जॉइंट अकाउंट वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

आधी फ्रेडीचं, म्हणजे क्वीन बँडच्या गायकाचं. तुझ्या जोडीदाराने उदाहरण भलत्याच माणसाचं घेतलंय. मेरी ऑस्टिन या मैत्रिणीबरोबर तो सहा-सात वर्षं राहिला, १९७६ च्या सुमारास तिला स्वतःबद्दल खरं सांगितलं, जोडपं म्हणून ते संपलं पण ती त्याच्या आयुष्यातून गेली नाही, तिला तो बायकोच मानायचा. आणि हे त्याने नुसतं बोलून ठेवलं नाही, लंडनमधलं गार्डन लॉज हे घर आणि इस्टेटीतला निम्मा वाटा मृत्युपत्रात तिच्या नावे लिहिला, उरलेला आईवडील आणि बहिणीला. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये वाढलेला पारशी घरातला पोरगा, स्टेजवर काहीही करो, हिशेबाला पक्का.

पण मला लागतं ते त्याच्या जोडीदाराचं, जिम हटनचं. (फ्रेडीवरच्या २०१८ च्या सिनेमात जिमला पार्टीतला वेटर दाखवलाय, ते विसर, तो केस कापायचा, सॅव्हॉय हॉटेलात.) १९८५ पासून शेवटपर्यंत तो फ्रेडीबरोबर होता, त्याच घरात राहायचा, तळ्यातले कोई मासे सांभाळायचा, बाहेरच्यांसाठी मात्र माळी. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला तेव्हा जिमने दिलेली सोन्याची अंगठी त्याच्या बोटात होती. मृत्युपत्रात जिमला ५ लाख पौंड मिळाले, म्हणजे विसरला नव्हता. पण हे घर तुझंही आहे, असं फ्रेडी तोंडी म्हणाला होता, असं जिमने नंतर पुस्तकात लिहिलंय. ते कागदावर नव्हतं आणि जिमला काही महिन्यांत घर सोडावं लागलं. यात मेरीला व्हिलन करू नका प्लीज, तिला जे लिहून दिलं तेच तिचं होतं.

आता माझं. आमच्याकडे कागद होता रे! वहीचं पान, माझ्या जोडीदाराच्या तिरक्या अक्षरात, "फ्लॅट तुझाच", खाली सही, तारीख. त्या दिवशी हॉलमध्ये आमचे दोन मित्र चहा पीत बसलेले. दोघांच्या सह्या घेतल्या असत्या तर तेच पान चाललं असतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणंही सक्तीचं नाही. पण मला लाज वाटली, म्हटलं लोक काय म्हणतील, हा आत्तापासून फ्लॅटवर डोळा ठेवून आहे! पान घडी करून पाकिटात ठेवलं.

तो गेल्यावर एका ऑफिसात गेलो, नाव घेत नाही. तिथल्या माणसाने पान उलटं करून मागची कोरी बाजू बघितली, साक्षीदार कुठेत विचारलं, मग फॉर्म पुढे सरकवला. "नाते" च्या रकान्यात मी "मित्र" लिहिलं. तो म्हणाला, मित्र म्हणजे कोण? पुढचे सात महिने "साहेब रजेवर" आणि "सोमवारी या". नॉमिनी मीच होतो, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांसाठी सांभाळणारा, हे मला तिथे उभं राहून कळलं. वारस त्याची आई. तिच्या मनात काय होतं कोण जाणे, बोलायचा सगळं भाऊच. फ्लॅट गेला. असो, त्यावर लिहायला लागलो तर रात्र होईल.

मी वकील नाही, चांगला वकील गाठ, माझ्या भरवशावर काही करू नकोस. पण जोडीदाराला आज रात्री जिमची गोष्ट सांग, मेरीची नको. आणि साक्षीदार निवडताना ज्यांना इस्टेटीतलं काही मिळणार नाही असे दोन निवड, शक्यतो तुमच्याहून तरुण. आमच्या ओळखीत एकाने दोन्ही साक्षीदार सत्तरीतले काका घेतले होते, ते दोघंही याच्या आधी गेले.