१९१०च्या सुमाराच्या नाटकात बायकांचा पोशाख कसा ठेवावा?

नाशिकच्या हौशी मंडळासाठी विचारताय, तर आधी म. वि. धुरंधरांची (१८६७–१९४४) चित्रं बघा. ऑटो रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या बायका रंगवल्या. तेव्हाचे फोटो काळेपांढरे; इथे लुगड्याचा रंग, काठ, पदर कसा घेतलाय, सगळं दिसतं.

नऊवारी तर हवीच. पात्र शहरातलं, शिकलेल्या घरातलं असेल तर चोळीऐवजी लांब बाह्यांचं, लेस लावलेलं पोलकं द्या. ती तेव्हाची विलायती फॅशन होती. येवला हाकेवर आहे म्हणून सगळ्यांना पैठणी नेसवू नका, ती लग्नकार्याची. घरात सुती लुगडंच. आणि कृपा करून आजची शिवलेली नऊवारी नको, पहिल्या रांगेतल्या आजी लगेच ओळखतील!