अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, मतदारांचं वजन खरंच वाढलंय का?

वाढलंय, पण एकगठ्ठा मतपेढी म्हणून नाही. २०२४ साली सुमारे ३.६ कोटी हिस्पॅनिक मतदानाला पात्र होते, म्हणजे देशातल्या एकूण पात्र मतदारांत साधारण दर सातांत एक. त्यातले मायामीचे क्युबन कम्युनिझमच्या रागातून बहुतांशी रिपब्लिकनांकडे, तर ॲरिझोनातले मेक्सिकन वंशाचे बरेचसे डेमोक्रॅट.

टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरची स्टार काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बघा. वस्ती जवळपास सगळी हिस्पॅनिक. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना तिथे सुमारे ७९ टक्के मतं होती. २०२४ मध्ये तिथे चक्क ट्रम्प जिंकले! शंभरहून जास्त वर्षांत रिपब्लिकन उमेदवाराला ते जमलं नव्हतं. महागाईने घरखर्च कोलमडला की जुनी निष्ठा किती टिकणार?

एक गंमत: प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचे हिस्पॅनिक लोक जन्मतः अमेरिकन नागरिक, पण बेटावर राहून अध्यक्षासाठी मत देता येत नाही. फ्लोरिडात बिऱ्हाड हलवलं की येतं.